किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या चुका ख्रिस्ती जीवनाचे एवढे नुकसान का करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षे झाली, ठळक म्हणावे असे पाप हातून घडत नाही, रविवारची उपासना चुकत नाही. तरी घरात चिडचिड, कोणाची गोष्ट कोणाला सांगणे, सोयीपुरते खोटे बोलणे, दिलेला शब्द लांबणीवर टाकणे हे चालूच राहते, आणि अलीकडे प्रार्थना कोरडी पडली आहे. एवढ्यातेवढ्याने खरेच काही बिघडते का, की असा विचार करणे म्हणजे पुन्हा नियमशास्त्राच्या जोखडाखाली जाणे?

बिघडते. मात्र लोकांना वाटते त्या कारणाने नाही. प्रत्येक चुकीगणिक देवाचे प्रेम थोडे थोडे आटत जाते, असे शुभवर्तमानात कुठेही नाही. ख्रिस्ताच्या रक्ताने मिळणारी क्षमा लहानमोठ्या सगळ्याच पापांना पुरते. अडचण आपल्या बाजूला आहे. मोठे पाप घडले की माणूस हादरतो, रडतो, पाळकांकडे धाव घेतो. लहान चूक झाली की तो कारण सांगतो: दमलो होतो, समोरचाही तसाच वागला, सगळेच करतात. ज्या गोष्टीचे कारण सांगून झाले तिची कबुली कोणी देत नाही, आणि कबुली नाही म्हणून ती चूक क्षमेपर्यंत पोहोचतच नाही. मोठे पाप कधीतरी उघड होऊन त्याचा निकाल लागतो, पण किरकोळ चूक वीस वर्षे घरात बिनबोभाट राहू शकते. लहान चुकीतला खरा धोका तिच्या या दीर्घ आयुष्यात आहे.

पवित्र शास्त्रात हे वारंवार आले आहे. गीतरत्न २:१५ मध्ये द्राक्षमळे नासणारे लहान कोल्हे धरायला सांगितले आहे, तेही मळा फुलावर असताना, म्हणजे फळ धरण्याच्या आधी. उपदेशक १०:१ मध्ये मेलेल्या माश्यांनी गंध्याचे सुगंधी तेल नासते. पौल खमिराचा दाखला दोनदा देतो, १ करिंथ ५:६ मध्ये आणि गलती ५:९ मध्ये, आणि दोन्ही ठिकाणचा विषय वेगळा आहे: करिंथात उघड अनीती खपवून घेतली जात होती, गलतीयात शिकवणीत भेसळ होत होती. दोन्हीकडे थोडेसे खमीर सगळा गोळा फुगवते. याकोब ३ मध्ये लहानशी जीभ केवढे करते हे सांगताना घोड्याचा लगाम, तारवाचे सुकाणू आणि वणवा पेटवणारी ठिणगी येते.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते दावीदाच्या बाबतीत (२ शमुवेल ११) पायरीपायरीने दिसते. राजे लढाईला निघण्याच्या दिवसांत तो यरुशलेमात मागे राहिला. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याची नजर बथशेबेवर, उरीया या आपल्याच शिपायाच्या बायकोवर गेली. मग चौकशी केली, माणसे पाठवली. इथवरच्या पहिल्या दोन पायऱ्यांना तर पाप म्हणणेही कठीण आहे. बथशेबा गरोदर असल्याचे कळल्यावर पुढचे सगळे झाकण्यासाठी झाले: उरीयाला युद्धावरून बोलावून घरी पाठवण्याचा प्रयत्न, मग त्याला दारू पाजणे, मग त्याला मरायला आघाडीवर ठेवावे असे सेनापती यवाबाला पत्र. ते पत्र उरीयाच्याच हाती दिले गेले, आणि त्या चढाईत उरीयाबरोबर दावीदाचे दुसरेही शिपाई मारले गेले. त्यांचा या प्रकरणाशी काहीच संबंध नव्हता. साखळीतले सर्वांत भयंकर कृत्य वासनेतून नव्हे, लपवण्याच्या खटपटीतून झाले, हे नीट लक्षात घ्यावे. प्रेषितांची कृत्ये ५ मध्येही हेच आहे. हनन्या व सप्पीरा या जोडप्याने जमीन विकून आलेल्यातले पैसे मागे ठेवले हा गुन्हा नव्हता. विकल्यावरही ते पैसे तुझ्याच स्वाधीन होते, असे पेत्र स्वच्छ सांगतो. गुन्हा होता तो काही भाग देऊन पूर्ण दिल्याचे भासवण्याचा.

म्हणून स्वतःची तपासणी करताना ‘ही चूक केवढी’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ‘ही झाकण्यासाठी मी काय काय करतो आहे’ हा प्रश्न विचारावा. आलेला फोन घरच्यांसमोर घ्यायचे टाळणे, अमुक माणूस समोर आला की रस्ता बदलणे, एका खोट्याशी जुळावे म्हणून दुसरे खोटे लक्षात ठेवणे, एखादे वचन वाचताना पान पटकन उलटणे: यांतले काहीही दिसले तर चूक लहान राहिलेली नाही.

दुसरा परिणाम विवेकबुद्धीवर होतो. इब्री ३:१३ मध्ये पापाच्या फसवणुकीने कोणी कठीण होऊ नये म्हणून दररोज एकमेकांना बोध करायला सांगितले आहे. ‘दररोज’ हा शब्द अतिशयोक्तीने घातलेला नाही. पहिल्यांदा खोटे बोलताना जी टोचणी लागते ती दहाव्या वेळी लागत नाही, आणि टोचणी थांबली यालाच माणूस शांती समजतो. कॅथलिक परंपरा पापांमध्ये क्षम्य आणि प्राणघातक असा भेद करते. तरी तिचीही शिकवण हीच आहे की जाणूनबुजून केलेले आणि पश्चात्ताप न केलेले क्षम्य पाप माणसाला हळूहळू प्राणघातक पापाकडे नेते. प्रॉटेस्टंट मंडळ्या तो भेद तसा मानत नाहीत, पण या निष्कर्षावर दोघांचे मतभेद नाहीत.

तिसरा परिणाम आपल्याला दिसतच नाही, कारण तो दुसऱ्यांवर होतो. अंत्युखियात पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसत असे. यरुशलेमाहून काही माणसे आली आणि त्यांच्या भीतीने तो पंक्तीतून बाजूला झाला (गलती २:११-१४). एवढेच. तो एकही खोटी गोष्ट शिकवला नाही, कोणाला दुखावण्याचा हेतू नव्हता. पण त्याचे पाहून बाकीचे यहूदी उठले, शेवटी पौलाचा सोबती बर्णबासुद्धा ओढला गेला, आणि विदेशी बांधवांना जे कळायचे ते न सांगता कळले. जेवायला कुठे बसायचे या गोष्टीवरून शुभवर्तमानाचे सत्यच पणाला लागले, असे पौलाला वाटले, आणि त्याने पेत्राला सर्वांसमोर सुनावले. मंडळीत ज्याचा शब्द चालतो, त्याच्या बाबतीत ‘छोटी चूक’ असा प्रकार जवळजवळ नसतोच. वडील, संडे स्कूलचे शिक्षक, गायनाचे प्रमुख, आणि घरात आईबाप, या सगळ्यांना हे लागू आहे.

आता नेमके नुकसान कुठे होते ते पाहू. सर्वांत जास्त वेळ जिभेवर घालवणे योग्य ठरेल, कारण मंडळ्या बहुतेक वेळा शिकवणीवरून नव्हे, बोलण्यावरून फुटतात.

मंडळीतली चुगली बहुधा प्रार्थनेचा विषय म्हणून येते. ‘अमक्यासाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरात जरा...’ आणि मग घरातले सगळे बाहेर. सांगणाऱ्याला आपण काळजी केल्याचे समाधान मिळते, म्हणून ती पकडणे अवघड असते. बोलण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. ज्याची गोष्ट आहे त्याने ती सांगायला परवानगी दिली आहे का? नाव न घेता हीच प्रार्थना करता येते का? ऐकणारा माणूस या बाबतीत काही मदत करू शकतो का? तिन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ नसेल तर ती प्रार्थनेची विनंती नाही. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि तिसऱ्याचे ‘हो’ असेल, तर त्या एकाच माणसाला सांगावे, गटाला नाही. मोबाइलवरच्या प्रार्थना-गटात कोणाचे आजारपण, कर्ज किंवा लग्नातला तंटा नावानिशी टाकू नये. तिथून तो मजकूर कुठे जातो यावर टाकणाऱ्याचा काहीच ताबा राहत नाही.

चुगली होऊन गेली असेल तर फक्त देवापाशी कबुली देऊन भागत नाही, कारण ती गोष्ट अजून लोकांच्या कानांत आहे. कोणाकोणाला सांगितले त्यांची नावे कागदावर लिहावीत आणि प्रत्येकाकडे जाऊन ‘मी जे सांगितले ते सांगायला नको होते, त्यातला हा भाग मला पक्का माहीतही नव्हता, कृपया पुढे नेऊ नका’ एवढेच बोलावे. मूळ गोष्ट पुन्हा उगाळू नये. ज्याच्याविषयी बोललो त्याच्याकडे जाण्याबाबत एक विवेक हवा: गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचली असेल किंवा पोहोचण्याची शक्यता असेल तर जावेच. त्याला काहीच माहीत नसेल आणि सांगण्याने फक्त आपले मन हलके होऊन त्याचे जड होणार असेल, तर आधी पाळकांचा सल्ला घ्यावा.

रागाबद्दल इफिस ४:२६-२७ मध्ये मुदत घालून दिली आहे: सूर्य मावळण्याआधी. आणि लगेच पुढे, सैतानाला वाव देऊ नका. या मुदतीमागे व्यावहारिक कारण आहे. त्या दिवशीचा राग एका कृत्यावर असतो. रात्रभर घोळला की तो माणसावर जातो: ‘त्याने असे केले’ याचे ‘तो असाच आहे’ होते. कृत्याची क्षमा करता येते, ‘असाच आहे’ याची क्षमा कशी करणार? तिथून कडूपणाचे मूळ धरते, आणि इब्री १२:१५ च्या म्हणण्याप्रमाणे त्याने पुष्कळ जण विटाळतात. ज्याचे भांडण आहे तो एकटाच विटाळत नाही. भांडण त्याच दिवशी पूर्ण मिटलेच पाहिजे असा याचा अर्थ घेऊ नये. मध्यरात्री दमलेल्या माणसाला जागे ठेवून वाद मिटवायला लावणे हा वेगळाच अत्याचार होतो. झोपण्याआधी ‘मी चिडून बोललो ते चुकले, विषय उद्या शांतपणे बोलू’ एवढे म्हटले तरी वाव बंद होतो.

कोरड्या प्रार्थनेचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. १ पेत्र ३:७ मध्ये पतीने पत्नीशी समजूतदारपणे व मान देऊन वागावे असे सांगून कारण दिले आहे: तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येऊ नये. तत्त्व पत्नीलाही लागू करावे, मुलांशी आणि म्हाताऱ्या आईवडिलांशी वागतानाही. प्रार्थना कोरडी पडली की लोक वेळ वाढवतात, उपास धरतात, नवी पुस्तके आणतात. आधी घरातल्या माणसांशी कालपरवा काय बोललो ते पाहावे. मत्तय ५:२३-२४ मध्येही अर्पण वेदीजवळ तसेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. कोरडेपणाला दुसरी कारणेही असतात: शोक, आजार, झोपेचा अभाव, नैराश्य. तिथे पापाचा शोध घेत बसणे क्रूरपणाचे आहे. डॉक्टर आणि विश्रांती यांची गरज असते.

पैशाच्या बाबतीत उपदेशापेक्षा पद्धत जास्त कामी येते. मंडळीच्या पैशांत गडबड करणारे बहुतेक लोक चोरी करायची म्हणून सुरुवात करत नाहीत. पेटीतून थोडे उसने घेऊन ‘सोमवारी परत टाकतो’ असे म्हणतात, आणि एकदा कोणाला कळले नाही की सोमवार लांबत जातो. यहूदा इस्कर्योत येशूला धरून देण्याच्या ३० रुप्यांपर्यंत एका दिवसात पोहोचला नव्हता. योहान १२:६ प्रमाणे थैली त्याच्याकडे असे आणि तो तिच्यातले आधीपासून घेत होता. म्हणून दान नेहमी दोघांनी मोजावे, ते दोघे नातेवाईक नसावेत, मोजणी त्याच दिवशी व्हावी, आकडा अक्षरी व अंकी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. रोख ज्याच्याकडे, वही त्याच्याकडे नसावी. विशिष्ट कामासाठी आलेली देणगी त्याच कामाला जावी. तात्पुरतीही वळवायची असेल तर ठराव करूनच. यात अविश्वास आहे असे कोणी म्हटले तर २ करिंथ ८:१८-२१ दाखवावे. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेले दान नेताना पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला बंधू पाठवला, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करण्याची खबरदारी घेतल्याचे लिहिले. पौलाला जे कमीपणाचे वाटले नाही ते आपल्याला वाटू नये.

साक्ष देताना फुगवून सांगणे, न केलेली प्रार्थना ‘तुमच्यासाठी करतो आहे’ म्हणून सांगणे, वेळ न पाळणे, यांवर लांब लिहायची गरज नाही. ‘प्रार्थना करीन’ असे म्हटल्यावर तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, दोन वाक्यांची का होईना करून टाकावी. या एका सवयीने ते खोटे कायमचे सुटते.

चुका शोधून काढण्याची जुनी आणि खात्रीची पद्धत जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १६ व्या शतकात घालून दिली, आणि ती कोणत्याही पंथाच्या माणसाला वापरता येते. एका वेळी एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्या एका दोषापासून दूर राहण्याचा निश्चय करायचा. दुपारच्या जेवणानंतर सकाळपासूनचा तास न् तास आठवायचा आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके एका रेघेवर काढायचे. रात्रीच्या जेवणानंतर तेच, दुसऱ्या रेघेवर. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी आणि हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. दिवसा घसरल्याचे जाणवले की त्याच क्षणी छातीला हात लावायचा. चारचौघांतही कोणाला कळत नाही. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेले दिसतील. त्याने घाबरू नये, चुका वाढलेल्या नसतात, दिसू लागलेल्या असतात. ही पद्धत फसते ती दोन कारणांनी: लोक एकदम सात दोष घेतात, किंवा ‘नम्र व्हायचे’ असा धूसर विषय घेतात. दोष मोजता येईल असा हवा: ‘समोरच्याचे बोलणे मध्येच तोडणे’, ‘उशीर झाल्यावर खोटे कारण सांगणे’.

दुसरी गरज आहे ती माणसांची. याकोब ५:१६ आपली पापे एकमेकांजवळ कबूल करायला सांगते. मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये यासाठी छोट्या गटांचे नियम लिहिले: आठवड्यातून एकदा भेट, स्त्रियांचे व पुरुषांचे गट वेगळे, आणि ठरलेले प्रश्न. मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणते पाप केले, हा पहिला. त्याच यादीत आणखी एक प्रश्न आहे: तुम्ही असे काय विचारले, बोलले किंवा केले, की जे पाप आहे की नाही याची तुम्हाला शंका आहे? किरकोळ चुका या प्रश्नातच सापडतात. दोन किंवा तीन माणसे पुरतात, एकाच लिंगाची, आणि तिथले बोलणे बाहेर न नेणारी.

क्षमा मागताना काय चुकते ते सांगायला हवे. ‘तुला वाईट वाटले असेल तर माफ कर’ यात कबुली नाही. दोष ऐकणाऱ्याच्या हळवेपणावर ढकलला आहे. ‘पण’ हा शब्द आला की आधीचे सगळे पुसले जाते. केलेले कृत्य नावाने सांगावे, त्याने समोरच्याचे काय नुकसान झाले ते सांगावे, भरपाई कशी करू ते विचारावे आणि थांबावे. लगेच क्षमा मिळावी असा आग्रह धरू नये. भरपाई शक्य असेल तिथे ती केलीच पाहिजे. लेवीय ६:५ मध्ये मूळ रकमेत पाचवा हिस्सा घालून परत द्यायला सांगितले आहे, म्हणजे १०० चे १२०. जक्कय या जकातदाराने चौपट कबूल केले (लूक १९:८). आजच्या ख्रिस्ती माणसावर त्या आकड्यांचे बंधन नाही, पण नुसते मुद्दल परत करून हात झटकू नयेत, हा त्यामागचा न्याय अजून तसाच आहे.

सुधारणा टिकत का नाही? नहेम्या १३ मध्ये याचे उत्तर सापडते. यरुशलेमाचा सुभेदार नहेम्या बाहेर असताना एल्याशीब याजकाने नहेम्याच्या जुन्या विरोधकाला, तोबीयाला, मंदिराच्या आवारात मोठी खोली दिली. एक खोलीच तर होती! पण ती अन्नार्पणे, धूप, पात्रे आणि दशमांश ठेवायची खोली होती. नहेम्या परत आला तेव्हा लेव्यांना त्यांचे वाटे मिळत नव्हते आणि ते सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले होते. नहेम्याने तोबीयाचे सामान बाहेर फेकले, खोल्या शुद्ध करवल्या, आणि पात्रे, अर्पणे व धूप पुन्हा आत आणून ठेवले. बहुतेक जण पहिल्या दोन गोष्टी करतात आणि तिसरी विसरतात. रिकामी ठेवलेली जागा पुन्हा भरते. इफिस ४:२८ मध्येही चोराने चोरी सोडावी एवढेच म्हटलेले नाही. कष्ट करावेत आणि गरजवंताला द्यावे, असेही आहे. चुगली सोडायची असेल तर ज्याच्याविषयी बोलत होतो त्याच्या एका खऱ्या गुणाविषयी दुसऱ्याजवळ बोलायला लागावे.

याच्या उलट बाजूचाही धोका आहे. काही विश्वासणारे कोमल मनाचे असतात आणि हे सगळे वाचून स्वतःला पिंजायला लागतात. तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करणे, ‘नीट कबूल केले की नाही’ या शंकेने प्रार्थना परत परत सुरू करणे, प्रभुभोजनापासून भीतीने दूर राहणे, ही सद्सद्विवेकाची सूक्ष्मता नसून आजारी भीती आहे. मठात असताना मार्टिन ल्यूथर तासन्‌तास पापांगीकार करत आणि तरीही त्यांना समाधान मिळत नसे. अशा माणसाने ठिपक्यांची पद्धत वापरू नये. एकाच अनुभवी पाळकाचे ऐकावे, एकदा कबूल केलेले पुन्हा कबूल करायचे नाही असा नियम पाळावा, आणि विचार थांबतच नसतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. त्यात विश्वासाची उणीव नाही.

दुसऱ्यांच्या लहान चुका शोधायला हे वापरू नये, हे मत्तय ७:३-५ (भावाच्या डोळ्यातले कुसळ, आपल्या डोळ्यातले मुसळ) वाचणाऱ्याला सांगावे लागू नये. तरी सांगावे लागते. मत्तय २३:२३-२४ मध्ये पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश मोजणारे न्याय, दया आणि विश्वासूपणा सोडून बसले होते. कपडे आणि केस यांवर बोट ठेवणारी आणि मजुराची मजुरी थकवणारी मंडळी त्याच ओळीत बसते.

आणि एक गोष्ट कधीही किरकोळ ठरवू देऊ नये. मारहाण, लैंगिक छळ, मुलांशी गैरवर्तन, निधीची अफरातफर यांना ‘चूक झाली, क्षमा करा’ म्हणून मिटवणारे लोक मंडळीत असतात. मत्तय १८:१५ मधली ‘एकांतात जाऊन सांग’ ही पायरी दोन बांधवांमधल्या अपराधासाठी आहे. छळ झालेल्या माणसाला छळणाऱ्यासमोर एकटे पाठवण्यासाठी नाही. तिथे आधी सुरक्षितता, मग पोलीस व कायदा. क्षमेचे बोलणे नंतर, आणि तेही पीडिताच्या वेळेने.

विचारणाऱ्याने चार दोष लिहिले आहेत. सुरुवात चिडचिडीपासून करावी, कारण तिचे साक्षीदार रोज घरातच आहेत. पुढचे चार आठवडे बाकीच्या तिघांना हात लावू नये. आज रात्रीच घरातल्या माणसाला विचारावे: ‘माझ्या कोणत्या बोलण्याचा तुला सर्वांत जास्त त्रास होतो?’ उत्तर मिळेल ते मध्ये न बोलता ऐकावे आणि उद्याच्या पहिल्या रेघेवर तेच लिहावे.